परतीच्या मापाचा पोशाख

तर मोज्यांचं सांगायचं राहिलंच. अंतराळात सहा महिने राहून आलेल्या एका गड्याचे मोजे टेलरमास्तरांच्या टेबलावर आले, तेव्हा त्यांची तळव्याकडची बाजू आत्ताच दुकानातून आणल्यासारखी कोरी करकरीत होती. आणि वरची बाजू, जिथं बुटाची नाडी येते तिथं, दोन्ही मोज्यांना ही एवढाली भोकं. मास्तरांनी मोजे उलटे केले, सुलटे केले, चष्मा पुसून पुन्हा बघितले आणि विभागाच्या साहेबांना विचारलं, "साहेब, हा माणूस चालतो तरी कसा? पाय उलटे आहेत का त्याचे?"

साहेब इतके हसले की त्यांना खुर्चीची पाठ धरावी लागली. मग त्यांनी समजावलं. वर जमीन अशी नाहीच. माणूस तरंगतो. एका जागी राहून काम करायचं तर भिंतीला बसवलेल्या दांडीखाली पावलं अडकवायची आणि स्वतःला धरून ठेवायचं. म्हणून परत आलेल्या माणसाचे तळवे तान्ह्या बाळासारखे मऊ होतात आणि घट्टे पडतात ते पावलांवर, वरच्या अंगाला.

"म्हणजे जन्मभर खालून ठिगळं लावली," मास्तर म्हणाले, "आता म्हातारपणी वरून लावायला शिकायचं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब येण्याआधी वरच्या बाजूला दुहेरी कापड लावलेले सहा जोड त्यांच्या टेबलावर तयार ठेवले होते.

असा हा माणूस. त्यांना नावानं कुणी हाक मारलेली कुणाला आठवत नाही. गल्लीतही मास्तर आणि अंतराळवीरांच्या त्या भल्यामोठ्या केंद्रातही मास्तरच.

केंद्रात येण्याआधी मास्तरांचं दुकान होतं. दुकान कसलं, सायकलवाला आणि औषधवाला ह्यांच्या मध्ये एक खाट मावेल एवढी फट होती, तिला दार बसवलेलं. आत एक मशीन, एक इस्त्री, एक स्टूल. शाळेचे गणवेश शिवायचे, बापाची पँट पोराला करून द्यायची, काज-बटणं मास्तरीणबाई घरी करायच्या. तयार कपड्यांची दोन मोठी दुकानं कोपऱ्यावर उघडली आणि मास्तरांच्या हाताला काम उरलं ते चेन बदलायचं आणि विजारीची उंची कमी करायचं. असाच एक दिवस एक गृहस्थ बॅगेची चेन घेऊन आले. चेनचे दोन दात पडले होते. मास्तर दात बसवत होते तोवर त्या गृहस्थांची नजर खुंटीवर गेली. तिथं एक कोट उलटा करून टांगला होता. आतली शिवण बाहेरच्याइतकीच सरळ, एक दोरा लोंबत नाही.

"मास्तर, आतली शिवण बघतं कोण?"

"ज्याला टोचते तो बघतो."

गृहस्थ बॅग घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात बॅग न घेता आले. तेच आपले हे साहेब, अंतराळवीरांच्या पोशाख विभागाचे प्रमुख. मास्तरांनी पुढं आयुष्यभर त्या बॅगेच्या दोन पडक्या दातांचे उपकार मानले. कुणी केंद्राचं कौतुक केलं की म्हणायचे, "चेन धड असती तर मी अजून त्या फटीतच बसलो असतो."

केंद्रातल्या शिवणखोलीला एक अख्खी भिंत खिडकीची होती. आठ मशिनं, एक टेबल असं लांब की त्यावर माणूस आडवा पसरला तरी दोघांना जागा उरेल. पहिल्याच दिवशी मास्तरांना कळलं की इथं कापड तेच, सुई तीच, पण शहाणपण सगळं नवं. दोऱ्याचं टोक कापून सोडायचं नाही, गरम पात्यानं वितळवून बंद करायचं, कारण वर सुटलेला धागा खाली पडत नाही. तो हवेत हिंडतो आणि कुणाच्या डोळ्यात नाहीतर पंख्यात जातो. खिसा कमरेला लावायचा नाही, नडगीवर लावायचा, कारण तरंगणाऱ्या माणसाचे गुडघे आपोआप मुडपतात आणि हात सहज तिथं पोचतो. मांडीवर चिकटणाऱ्या पट्ट्या शिवायच्या, म्हणजे चमचा, पेन, कात्री जिथल्या तिथं राहते. आणि सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट अशी की वर कपडे धूतच नाहीत. पाणी इतकं मोलाचं की घामाचं पाणीसुद्धा गोळा करून पुन्हा पितात. शर्ट काही दिवस घालायचा, मग कचऱ्यात. तो कचरा एका यानात भरून खाली सोडतात आणि येता येता तो हवेत जळून जातो.

"जळून जातो?" मास्तर खुर्चीवरून उठलेच. "माझा शर्ट?"

"तारा तुटल्यासारखा दिसतो म्हणे," साहेब म्हणाले.

त्या संध्याकाळी मास्तरांनी घरी जाऊन सांगितलं, "आजवर माझे कपडे फाटले, विटले, बोहारणीनं नेले. आता ते आकाशात पेटणार आहेत." मास्तरीणबाई म्हणाल्या, "तरी काज नीट करा हो. पेटला म्हणून काय झालं."

आता डॉक्टरीणबाईंचं. त्या खरोखरीच्या डॉक्टर, शस्त्रक्रिया करणाऱ्या. अंतराळवीर म्हणून निवड झाली आणि केंद्रात दोन वर्षं शिकायला राहिल्या. मास्तरांच्या खोलीत माप द्यायला यायच्या आणि प्रत्येक वेळी अंगावर काहीतरी नवं दुखणं घेऊन यायच्या. एकदा मान आखडलेली, कारण त्यांना एका लांब दांड्याच्या टोकाला बसवून गरगर फिरवलं होतं, छातीवर चार माणसं बसल्यासारखं वजन येईपर्यंत. एकदा बोटं सुजलेली, कारण सहा तास पाण्याच्या टाकीत होत्या. टाकी म्हणजे चार मजली इमारत बुडेल एवढी. तिच्या तळाशी अंतराळस्थानकाचा हुबेहूब सांगाडा उभा केलेला आणि जाड पोशाखातल्या माणसाला असं वजन लावून सोडायचं की तो वरही येत नाही आणि बुडतही नाही. तिथं एक नट फिरवायचा तरी हातमोज्याशी कुस्ती करावी लागते.

"मास्तर, तुमच्याकडे आलं की जरा माणसात आल्यासारखं वाटतं," त्या म्हणायच्या. "बाकी सगळीकडे मला मोजतात."

"मीही मोजतोच की."

"तुम्ही मोजता आणि चहा विचारता."

मास्तरांनाही एकदा साहेबांनी यानातल्या खुर्चीत दोन तास झोपवलं होतं, पोशाख कुणासाठी शिवतोय ते कळावं म्हणून. खुर्ची म्हणजे पाठीच्या आकाराचा साचा. त्यात उताणं पडायचं, गुडघे छातीशी घेऊन, आईच्या पोटातल्या बाळासारखं. दोन तासांनी मास्तर बाहेर आले ते तसेच वाकडे. घरी जाईपर्यंत लोक वाटेत विचारत होते, काय पडलं म्हणून.

ह्या खुर्चीत बसताना जो पोशाख घालतात, तो आपल्या गोष्टीतला. त्याचे दोन थर. बाहेरचा हवा धरून ठेवणारा, तो वेगळ्या लोकांचा. आतलं अस्तर मास्तरांचं. अस्तर बाहेरच्या थराला जागोजागी अडकवलेलं असतं, त्यामुळे ते आखूड झालं तर अख्खा पोशाख वर ओढला जातो. आणि हा पोशाख माणसाला गुडघे छातीशी घेऊन झोपल्यावर नीट बसावा म्हणून बेतलेला असतो. तो घालून उभं राहिलं की माणूस कुबडा दिसतो आणि पाठीत मोठा झोळ पडतो.

उड्डाणाला अकरा दिवस राहिले होते आणि फोटोवाले यायचे होते. डॉक्टरीणबाई पोशाख घालून आरशासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहराच पडला.

"मास्तर, ही मी आहे की माझी पणजी? आई हा फोटो बाहेरच्या खोलीत लावणार आहे हो. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवणार."

मास्तर त्यांच्या मागं जाऊन उभे राहिले. झोळ बघितला. बेचाळीस वर्षं शिवण बघितलेल्या डोळ्यांना तो झोळ कुसळासारखा खुपला. "काढून ठेवा बाई," ते म्हणाले. "अर्ध्या तासात देतो."

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर मास्तरांना उगाच वेंधळं समजाल. वर गेलेला माणूस उंच होतो हे त्यांना पाठ होतं. पाठीच्या मणक्यांवरचा भार गेला की मधल्या गाद्या फुगतात आणि माणूस चार-पाच सेंटिमीटर वाढतो. डॉक्टरीणबाईंनी वर वापरायच्या विजारी आणि सदरे मास्तरांनी तेवढे लांब शिवलेही होते. पण हा पोशाख त्यांच्या मनात जाण्याचा पोशाख होता. इथून निघताना घालायचा. निघतानाचं माणूस अजून वाढलेलं नसतं, मग झोळ कशाला? मास्तरांनी जन्मभर कपडे शिवले ते निघायच्या दिवसाचे. शाळेला निघायचे, नोकरीवर हजर व्हायचे, लग्नाला जायचे. परत येताना मी असा-असा असेन, त्या मापानं शिवा, असं एकाही गिऱ्हाइकानं कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी पाठीच्या मध्यावर अस्तर साडेतीन सेंटिमीटर आत दुमडलं आणि हातानं बारीक, दुहेरी टाके घातले. कापड कापलं नाही. जुन्या शिंप्याची सवय, शिवणीत जादा कापडाची माया ठेवल्याशिवाय हात पुढं जात नाही. मग बाईंना पोशाख घालायला लावला. उभ्या राहिल्या तर ताठ. खुर्चीत झोपवून बघितलं, तिथंही अंगाबरोबर. बसणारच, बाई तेव्हा जमिनीवरच्याच उंचीच्या होत्या. फोटो झकास आला.

पोशाखाची एक वही असते. त्यात बटण बदललं तरी लिहायचं असतं. मास्तरांनी लिहिलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, त्यांना ते इस्त्री फिरवल्यासारखं वाटलं. इस्त्री कुणी लिहून ठेवतं का?

यान गेलं, छान गेलं. शिवणखोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मास्तरांनी तेवढे डोळे मिटून घेतले होते आणि शेजारच्याला विचारत होते, "गेलं का? झालं का? उघडू का?"

बाराव्या दिवशी दुपारी जेवणघरातल्या मोठ्या पडद्यावर डॉक्टरीणबाई दिसल्या. केस चारी दिशांना उभे, चेहरा जरा सुजलेला, कारण वर रक्त डोक्याकडे चढतं, पण हसू तेच. त्यांनी दाखवलं की भिंतीला बांधलेल्या पिशवीत शिरून त्या कशा झोपतात, आणि हात बांधून घेतले नाहीत तर झोपेत स्वतःचेच हात तोंडासमोर तरंगून कशी भीती वाटते. रोज दोन तास पट्ट्यांनी स्वतःला बांधून पळतात, नाहीतर हाडं ठिसूळ होतात. पाण्याचा एक गोळा सोडून तो तोंडानं पकडला. मग म्हणाल्या, "आणि एक बातमी! मी साडेचार सेंटिमीटर वाढले. मास्तरांना सांगा, विजारी एकदम बेतात आहेत!"

सगळं जेवणघर मास्तरांकडे वळलं. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी म्हणालं, "वा मास्तर, अंतराळात नाव काढलंत!" मास्तर लाजून ताटात बघत होते.

पडद्यावर कुणीतरी बाईंना विचारलं, "मग परत येताना काय घालणार? आता सगळंच आखूड होत असेल."

"छे, त्यातच येणार ना, ज्यात आले त्यातच," बाई म्हणाल्या. "दुसरा आहे कुठं?"

मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला. बोटांना आपोआप आठवलं, साडेतीन. पोशाखात वाढीसाठी ठेवलेली जागा पाच होती. पाचातून साडेतीन त्यांनी स्वतःच्या हातानं शिवून टाकले होते. उरला दीड, आणि बाई वाढल्या होत्या साडेचार. तीन सेंटिमीटर कमी. खुर्चीत मुडपून पडल्यावर तीन सेंटिमीटर कमी म्हणजे खांदे दाबले जाणार, गळ्याशी शिरस्त्राण नीट बसेलच असं नाही, आणि जमिनीवर उतरताना जो दणका बसतो तो सहा महिने भार न पेललेल्या पाठीवर, तीही ओढून बांधलेल्या.

डोकं दुखतंय असं सांगून मास्तर घरी आले. मास्तरीणबाई खिडकीशी बसून बटणं रंगांप्रमाणे निवडत होत्या. त्यांनी नवऱ्याचं तोंड बघितलं आणि बटणांचा डबा बाजूला सारला.

मास्तरांनी सगळं सांगितलं. मग म्हणाले, "वहीत नोंद नाही. बाई उतरल्यावर पाठ धरली तरी लोक म्हणतील, जरा जास्तच वाढल्या. कुणाला कळायचं नाही."

"तिच्या पाठीला कळेल," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तर डब्यातली बटणं उगाच चिवडू लागले.

"नोकरीची भीती वाटते का?"

"वाटते तर. ह्या वयात पुन्हा त्या फटीत..." त्यांनी हातातलं बटण डब्यात टाकलं. "आणि साहेबांनी किती विश्वासानं आणलं मला. त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं उभा राहू?"

"ह्याच तोंडानं. दुसरं आणणार कुठून? अहो, फटीत मी काज करत होतेच की. पुन्हा करीन. उठा, चपला घाला. मी दारापर्यंत येते, म्हणजे मधेच वळणार नाही तुम्ही."

आणि खरंच त्या केंद्राच्या फाटकापर्यंत आल्या आणि मास्तर आत दिसेनासे होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

साहेबांच्या खोलीत मास्तरांनी एका दमात सांगून टाकलं. साहेब हातातलं पेन खाली ठेवून ऐकत होते.

"किती?"

"दोन बोटं."

"मास्तर, बोटांत नको."

"साडेतीन सेंटिमीटर."

"कापलंत?"

"नाही साहेब! आत दुमडलंय. कापड आहे तसं आहे. उसवलं की मोकळं."

साहेबांनी श्वास सोडला तो बाहेरच्या शिपायालाही ऐकू गेला असेल. "बसा," ते म्हणाले. "तुम्हाला वाटतंय की आपल्याकडे अजून साडेपाच महिने आहेत. नाहीत. स्थानकाला काही झालं तर त्यांना त्याच दिवशी पोशाख चढवून उतरावं लागतं. उद्यासुद्धा. म्हणून आज सांगितलंत ते..." त्यांनी वाक्य अर्धं सोडलं. मग म्हणाले, "लेखी ताकीद तुम्हाला मिळेल. आणि नोंद नसताना पोशाख कपाटाबाहेर निघाला, म्हणून मलाही मिळेल. आता ते राहू द्या. उसवायचं कसं ते बाईंना तुम्हीच सांगायचं. परवा दुपारी पाऊण तास आहे तुम्हाला."

मास्तरांना वाटलं होतं, सगळ्यात अवघड काम झालं. घरी आल्यावर कळलं, अवघड ते पुढंच आहे. जन्मभर त्यांनी हातानं केलं होतं, तोंडानं कधी सांगितलंच नव्हतं. मग मास्तरीणबाई डॉक्टरीणबाई झाल्या. मास्तर त्यांच्याकडे पाठ करून बसले आणि मास्तरीणबाईंनी ठरवलं, हे सांगतील तेवढंच करायचं, एक अक्षर जास्त नाही.

"सुई घ्या."

"कुठून?"

"डब्यातून."

"डबा उघडला. सगळ्या सुया उडाल्या. एक माझ्या डोळ्यात गेली."

"अगं, इथं कुठं उडतायत?"

"तिथं उडतील. मी तिथं आहे ना?"

मास्तरांनी डोक्याला हात लावला. "बरं. सुईत दोरा आधीच ओवून ती चिकटपट्टीवर लावून ठेवायची. कापड टेबलावर पसरा."

"तिथं टेबलावर कापड राहतं का? कागद फडफडतो तसं फडफडतंय. धरू कशानं? एका हातात कात्री, एका हातात सुई."

असं दोन दिवस चाललं. मास्तरीणबाईंनी कापड टेबलावर टेकूच दिलं नाही. शेवटी मास्तरांना सुचलं की कापड मांडीच्या चिकटपट्ट्यांना अडकवायचं आणि गुडघ्यांनी ताणून धरायचं, म्हणजे दोन्ही हात मोकळे. आणि उसवलेला प्रत्येक धागा दुसऱ्या कशाला हात लावायच्या आत बाहीवरच्या चिकटपट्टीवर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तरीणबाईंनी न बोलता, न चुकता एक अख्खी शिवण उसवली आणि कापडाला भोक पडलं नाही.

"झालात तयार," त्या म्हणाल्या. "आता त्या बाईंना अहो-जाहो करा, माझ्यावर ओरडलात तसं ओरडू नका."

ठरलेल्या दुपारी पडद्यासमोर मास्तरांना बसवलं. शेजारी साहेब. समोर डॉक्टरीणबाई, पावलं दांडीखाली अडकवून, पोशाख उलटा करून मांडीला लावलेला. साहेबांनी त्यांना आदल्याच दिवशी सगळं कळवलं होतं. मास्तरांनी तोंड उघडलं ते माफी मागायला, पण बाईच आधी बोलल्या.

"मास्तर, माफी नंतर. आपल्याकडे पाऊणच तास आहे. आणि ऐका, टाके मी आजवर हजारो घातलेत आणि काढलेत, पण पेशंट कधी तरंगत नव्हता."

मास्तर पडद्याजवळ सरकले. "पेशंटला गुडघ्यात धरा बाई. ताठ. हं. आता मधल्या शिवणीच्या वरून तिसरा टाका. तिथून सुरू करा, टोकाकडून नको, टोकाला मी गाठ पक्की मारलीय."

बाई टाके मोजत उसवू लागल्या. मधेच संपर्क तुटला, दोन मिनिटं पडदा निळा झाला आणि मास्तर निळ्या पडद्यालाच सांगत राहिले, "सावकाश, ओढू नका, कापून घ्या." संपर्क पुन्हा आला तेव्हा बाईंच्या बाहीवर धाग्याचे तुकडे दाट बसले होते, लोकरीसारखे.

"मास्तर, एक विचारू? एवढे बारीक टाके कशाला घातलेत? मीसुद्धा पोटावर इतके जवळ घालत नाही."

"चूक झाली बाई."

"उसवणारीचा जरा विचार करायचा."

"बाई, इतका विचार आधी केला असता तर उसवायलाच लागलं नसतं."

साहेब तोंडावर हात धरून हसले. त्या दोन दिवसांत ते पहिल्यांदाच हसत होते.

शेवटची गाठ सुटली आणि अस्तर मोकळं झालं. दुमडीच्या जागी जुनी रेघ तेवढी उरली. ती पुन्हा आत वळू नये म्हणून बाईंनी मास्तर सांगतील तसे सहा सैल टाके घातले, प्रत्येक टोक गरम पात्यानं बंद केलं. मग पोशाख चढवला आणि यानातल्या खुर्चीत जाऊन, गुडघे छातीशी घेऊन पडल्या. पडद्यावर आता फक्त यानाचं झाकण आणि दोन पावलं दिसत होती. आतून आवाज आला, "खांदे मोकळे आहेत. गळा बंद झाला. हलतंय थोडं, पण हलायलाच हवं ना?"

"हलायलाच हवं!" मास्तर ओरडले. "पाठीत झोळ असेल तर उत्तम! झोळ आहे का?"

"आहे, आहे. भरपूर आहे."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ज्या झोळानं महिन्यापूर्वी त्यांच्या डोळ्यांत कुसळ घातलं होतं, त्या झोळासाठी आज ते खुर्चीत उड्या मारत होते. घरी जाऊन मास्तरीणबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग? मी शिकवलंय तिला."

साडेपाच महिन्यांनी यान उतरलं. दणका बसला तो सगळ्यांनीच बघितला, माती उडाली, यानाची हवाई छत्री आडवी झाली. बाईंना उचलून बाहेर आणलं आणि खुर्चीत बसवलं. पाठ शाबूत होती. डॉक्टरांनी तपासून तसं जाहीर सांगितलं, तेव्हा मास्तर जेवणघरात सगळ्यांसमोर रडले आणि कुणी हसलं नाही.

पुढं दीड महिना बाई चालायला, तोल सांभाळायला पुन्हा शिकत होत्या. मग एका सकाळी हळूहळू पावलं टाकत शिवणखोलीत आल्या. वाढलेली उंची केव्हाच गेली होती, पहिल्यासारख्याच होत्या. मास्तरांनी मशीन थांबवलं, खुर्ची पुढं केली, चहा मागवला. बाई खुर्चीत टेकल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, साहेबांनी मला सगळं सांगितलं. तुम्ही गप्प राहिला असतात तर ते कुणाला कधीच कळलं नसतं. माझ्या पाठीचं काही झालं असतं तरी दोष माझ्या उंचीला गेला असता. तुमची ताकीद टळली असती. मी तुमचे आभार मानायला आलेय, पण आधी विचारते, त्या दिवशी साहेबांच्या दारापर्यंत गेलात कसे?"

मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि म्हणाले, "बाई, खरं सांगू का, बायकोनं फाटकाशी पहारा दिला म्हणून गेलो, तेव्हा आभार तिचे माना. माझं म्हणाल तर बेचाळीस वर्षं गिऱ्हाईक तक्रार घेऊन दुकानात परत आलं की मी मशिनीमागं तोंड लपवायचो, आणि त्या दिवशी जेवताना पहिल्यांदा वाटलं, देवा, ही बाई भांडायला का होईना पण परत येऊ दे. तुम्ही आलात, चालत आलात, त्याच्यापुढं ती ताकीद काय घेऊन बसलात? आता चहा घ्या आणि जरा उभ्या राहा बघू, ह्या झग्याचा डावा खांदा उतरलाय, कुणी शिवलाय हा?"